प्रताप नगरच्या मंडळाचा अध्यक्ष

"हार आणला का?" ऑटोतून उतरता उतरता बाबारावांनी विचारलं.

"दोन आणले," कौशल्याबाई म्हणाल्या.

"दोन काहून?"

"असू द्या जी. एखादा तुटला-बिटला तर?"

बायकोचं हे असं पुढचं पाहणं बाबारावांना आज फारच आवडलं. आज त्यांना सगळंच आवडत होतं. प्रताप नगरच्या श्रीराम सेवा मंडळाचा खरा अध्यक्ष कोण, हे आज धर्मादाय कार्यालयात ठरणार होतं. एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला रुपराव. चार वर्षांत एका देवळाला दोन अध्यक्ष झाले होते, दोन शिक्के, दोन फलक. देव तेवढा एक राहिला होता.

सुरुवातीलाच मतं वाढावीत म्हणून बाबारावांनी आपल्या गटातल्यांच्या घरच्या बारा बायांना सभासद करून टाकलं होतं. रुपरावांना कळलं, तर त्यांनीही बारा बाया भरल्या. झालं, पुन्हा बरोबरी.

मग बहिष्कार निघाला. "जिथं तो बसन, तिथं मी पाय ठेवत नाही," बाबाराव म्हणाले. रुपरावही हेच म्हणाले. दर रामनवमीला देवळात वार्षिक सभेची वेळ झाली, की दोन्हीकडचे झाडून सारे पुरुष समोरासमोरच्या दोन पानठेल्यांवर पहारा देत बसायचे. आत जाईल तो फितूर! बाया तेवढ्या आत जायच्या. पण त्या काय, प्रसादासाठी.

कचेरीच्या व्हरांड्यात रुपराव दिसलेच.

"काय गा बाबाराव, फेटा भाड्यानं आणला का?"

"घरचा आहे. तुह्या अध्यक्षपदासारखा उधारीचा नाही!"

बाकावर कौशल्याबाई आणि रुपरावांची बायको प्रेमिलाबाई मात्र खांद्याला खांदा लावून बसल्या होत्या.

"तिच्यासंग काय बोलून राहिली वं?" बाबाराव पुटपुटले.

"सांडग्यांचं विचारलं. पुकारलं पाहा तुम्हाले, जा."

आत साहेबांनी फाइल उघडली. "तुमच्या मंडळाच्या नियमाप्रमाणे सलग तीन वार्षिक सभा चुकवणाऱ्याचं सभासदत्व आपोआप जातं. बाबारावजी, तुम्ही किती सभांना गेलात?"

बाबारावांनी छाती पुढे काढली. "एकाही नाही साहेब! यांच्यासंग बसाचंच नव्हतं. आमच्या गटातला एक माणूस गेला नाही!"

रुपराव मागे कसे राहणार? "आमच्यातल्या एकानं तरी उंबरा ओलांडला का, विचारा यांना!"

साहेबांनी दोघांचं म्हणणं लिहून घेतलं, वाचून दाखवलं, खाली सह्या घेतल्या. सही करून बाबारावांनी फेटा सारखा केला. बाहेर ताशेवाले तयार होते. एका इशाऱ्याची देर होती.

"चला, वाद मिटला," साहेब म्हणाले. "उरले चोवीस सभासद. ते दर सभेला हजर आहेत. त्यांनी यंदाच्या रामनवमीला एकमतानं कमिटी निवडली, ती कायम."

"कोणते चोवीस?" दोघांनी एकदमच विचारलं.

साहेब दाराकडे पाहून अदबीनं उभे राहिले. "या अध्यक्षबाई."

पदर सावरत कौशल्याबाई आत आल्या. त्यांच्या मागोमाग प्रेमिलाबाई.

"जरा उठता का जी?" कौशल्याबाई बाबारावांना म्हणाल्या. "आमच्या सेक्रेटरीले बसाले खुर्ची नाही."