कोस्तान्झाच्या बाह्या

लग्नाच्या दुपारी म्हाताऱ्या दाईनं, नेंचानं, लिझाबेत्ताच्या अंगात आधी लिननचा पांढरा सदरा घातला, वरून निळा झगा चढवला आणि पाठीच्या नाड्या आवळल्या. आता खांद्यांना बाह्या बांधायच्या तेवढ्या राहिल्या होत्या. लाल मखमलीच्या त्या बाह्या पलंगावर पडल्या होत्या.

"अगदी आपल्या कोस्तान्झाच्या होत्या तशाच गं," नेंचा म्हणाली. "तिच्या तर तिच्याबरोबरच गेल्या बिचारीच्या."

"तशाच शिवून घेतल्या," लिझाबेत्ता म्हणाली आणि तिनं मान वळवली.

थोरल्या बहिणीला शेवटचे कपडे तिनंच चढवले होते. सगळ्यांची पाठ वळल्यावर तिनं बाह्यांच्या नाड्या सोडल्या, आणि नुसत्या सदऱ्यातले ते हात चादरीखाली झाकून टाकले. मखमल मातीत कशाला घालवायची, असं तेव्हा वाटलं होतं.

नेंचानं एक बाही उचलली आणि ती हसली. "नवरीला केवढी घाई! फुगे आधीच काढून ठेवलेस?"

बाही हातात चढली, की मग तिच्या चिरांमधून आतल्या सदऱ्याचे पांढरे फुगे ओढून काढायचे असतात. ही बाही तर रिकामी होती. तरी कोपरापासून मनगटापर्यंत प्रत्येक चिरेतून पांढरं लिनन फुगून आलं होतं.

नेंचाचं हसू मावळलं. "पोरी, हा सदरा कुणाचा?"

"बोळा राहिला असेल आत," म्हणत लिझाबेत्तानं मनगटाजवळचा फुगा चिमटीत धरून ओढला. तो ओलसर आणि गार होता.

थंडी वाजली की आपण बाही सारखी करतो ना, तसा आतून कुणीतरी तो हळूच परत ओढून घेतला.