ओळख, आज कुठली बाग

"खेळ खेळा हवा तेवढा, पण बाबा कुठे बसलेत ते आधी विचारत जा," नवरा तिला म्हणाला होता. तिने हसण्यावारी नेलं होतं. "आधीच विचारलं तर ओळखायचं काय?"

दर रविवारी हाच खेळ. ती मुलीला घेऊन घराजवळच्या बागेत यायची, फांदीवरून अँटेनाची तार टाकायची, रेडिओचा सेट बॅटरीला जोडायची. तिचे बाबा नेहमीची निळी टोपी घालून, तशीच तार टाकून शहरातल्या दुसऱ्या कुठल्या तरी बागेत बाकावर बसलेले असायचे. ते रेडिओवरून खुणा सांगायचे, तिने बाग ओळखायची. निघताना बाबांनी घरी कुणाला सांगावं, तर आई गेल्यापासून त्यांच्या घरी दुसरं कुणी नव्हतंच.

आज पहिली खूणच अर्धी आली.

"समोर पाणी आहे, पण तळं नाही. आणि डावीकडे... थांब गं जरा, हात..."

पुढे शब्द नाही. नुसता श्वास. जड, घरघरता.

"आजोबा घोरतायत," मांडीवरची मुलगी म्हणाली आणि खुदकन हसली.

तीही हसली. "बाबा, झोपताय काय, पुढची खूण द्या. ओव्हर."

मग तिच्या लक्षात आलं, बाबांना हे ऐकू जाणारच नाही. माइकचं बटण दाबलेलं असेपर्यंत सेट फक्त बोलतो, ऐकत नाही. बाबांचा अंगठा दुखायचा, म्हणून ते बोलताना बटणावर रबरबँड चढवायचे आणि बोलून झालं की काढायचे. तो रबरबँड अजून तिथेच होता.

तिने त्यांना फोन लावला. रिंग तिच्या कानात वाजली आणि समोरच्या सेटमधूनही वाजली, बाबांच्या खिशात, बाबांच्या श्वासाला लागून. वाजून वाजून थांबली.

मग नवऱ्याला. तो स्कूटर काढून निघालाच. "पाणी म्हणजे कारंजं असेल. मोठ्या बागेत बघतो." 'सांगितलं होतं ना' असं मात्र बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

अँब्युलन्सच्या नंबरवरची बाई शांत होती. "कुठली बाग, मॅडम?"

"माहीत नाही."

"अंदाजे?"

"अहो, मला त्यांचा श्वास ऐकू येतोय."

"बागेचं नाव सांगा, मॅडम. गाडी लगेच सोडते."

तिने सेटला कान लावला. झोका कुरकुरत होता. शहरातल्या कुठल्या बागेत झोका कुरकुरत नाही? पाण्याची सरसर येत होती. कारंजं असेल, नाहीतर कुणी पाइपने हिरवळ भिजवत असेल. म्हणजे कुठेही. मग अगदी जवळून, माइकला चिकटून आल्यासारखा, एका लहान मुलाचा आवाज आला.

"आई, यांना काय झालंय?"

"काही नाही रे. हळू बोल. आजोबा झोपलेत."

तिने घाईघाईने बाबांचा नंबर पुन्हा फिरवला. सेटमधून रिंग वाजायला लागली.

"आई, त्यांचा फोन वाजतोय."

"वाजू दे. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचा नाही, कितीदा सांगितलंय? आणि त्या वायरींपासून आधी लांब हो."

"अहो, उठवा त्यांना," ती सेटवर ओरडली. "अहो ताई, उठवा हो." तिची स्वतःची मुलगी दचकून रडायला लागली. सेटमधल्या चपला खडीवरून वाजत लांब गेल्या. फोन वाजायचा थांबला.

त्या बाईला बोल लावायलाही तोंड नव्हतं. तिनेही आपल्या मुलीला हेच सांगितलं असतं. ह्याच शब्दांत.

श्वास बारीक होत चालला होता. इतका वेळ बटण दाबलेलं, म्हणजे बाबांची बॅटरी उतरत असणार. बॅटरीच उतरत असणार, असं ती स्वतःला सांगत राहिली.

बागाबागांतून तारा टाकून बसणारे आणखीही हौशी लोक होते. एक फ्रिक्वेन्सी ठरलेली होती, रविवारी सगळ्यांचे कान तिच्यावर असायचे. पण बापलेकींनी आपल्या गप्पांसाठी डायलच्या कोपऱ्यातली रिकामी जागा शोधली होती. इथे दुसरं कुणी फिरकत नसे. माणसं हवी असतील तर तिकडे जायला हवं होतं. आणि सेट एकच होता. तिकडे गेलं की हा श्वास ऐकू येणार नाही. परत येईपर्यंत इथे काय असेल, कुणी सांगावं.

तिने डायलवर बोटं ठेवली.

"आजोबांना बंद नको करू," मुलगी हुंदके देत म्हणाली.

"बंद नाही करत गं."

आणखी एक श्वास येईपर्यंत ती थांबली. तो यायला वेळ लागला. मग तिने डायल फिरवला. तिकडे कुणीतरी कुणाला तरी हवामान सांगत होतं. तिने मधेच बटण दाबलं.

"सगळे थांबा. कृपा करून थांबा. तुम्ही बागेत बसला असाल तर हातातलं खाली ठेवा आणि उठून आजूबाजूला बघा. बाकावर एक म्हातारे गृहस्थ आहेत. निळी टोपी, मान खाली, मांडीवर माइक, झाडाला तार. झोपलेत असं वाटेल. ते झोपलेले नाहीत. कुणी म्हणेल, कशाला त्यांना त्रास देता. द्या. खांद्याला धरून हलवा. आणि मला फक्त बागेचं नाव सांगा."