अपात्र: झाड

"मावशी, इथे झाड आहे. घर नाही."

नकाशे करणाऱ्या माणसाने पडद्यावर बोट टेकवलं. समोर धुणंवाल्या मावशी खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या, मांडीवरची पिशवी घट्ट धरून.

"अहो, झाडाखालीच तर होतं माझं घर," त्या म्हणाल्या. सकाळपासून त्या हेच सांगत होत्या.

नियम साहेबांचा होता, आणि तसा काही वाईट हेतूने केलेला नव्हता. नव्या रस्त्यासाठी वस्ती उठवली, बदल्यात खोल्या द्यायचं ठरलं, आणि खोट्या कागदांचा असा पूर आला की ज्यांनी वस्तीत कधी पाऊल टाकलं नाही त्यांचीही तिथे घरं निघाली. साक्षीदार तर चहाच्या कपावर मिळत होते. शेवटी साहेब म्हणाले, माणसं खोटं बोलतात, उपग्रह बोलत नाही. रस्ता ठरण्याआधी वरून काढलेल्या चित्रात ज्याचं छप्पर दिसेल, त्याला खोली. मावशींचं छप्पर एका मोठ्या झाडाच्या पोटात होतं. वरून दिसायचं ते फक्त झाड. त्यांच्या नावापुढे 'अपात्र: झाड' असा शेरा पडला होता आणि आज संध्याकाळी यादी बंद होणार होती. घर पाडल्यापासून त्या भाचीच्या स्वयंपाकघरात झोपत होत्या. भाची गुणाची होती, पण तिचा नवरा हल्ली भांडी आपटायला लागला होता.

नकाशेवाल्याला कचेरीत सगळे घारोबा म्हणत, कारण तो शहर बघायचा ते आकाशातूनच. खाली गल्लीत शिरला की हमखास रस्ता चुकायचा. पण हे झाड त्याला तोंडपाठ होतं. त्याच्या उपग्रहाच्या खास चित्रांत जिवंत पान हिरवं नाही, लाल दिसतं. झाड जितकं तजेलदार, तितकं लाल. भर उन्हाळ्यात शहरातली झाडं मळकट विटकरी होत आणि हे एकटं लालभडक राही. झाड कसं दिसतं हे त्याने संगणकाला शिकवलं ते याच झाडावरून. तेव्हा त्याला कोण आनंद झाला होता! आता त्याच झाडाने या बाईचं घर गिळलं होतं, आणि त्याला मनापासून वाईट वाटत होतं.

"झाड मात्र छान होतं हो," काहीतरी बोलायचं म्हणून तो म्हणाला.

"छान कसलं? हावरट होतं मेलं!" मावशींना दिवसभरात पहिल्यांदा हसू आलं. "एवढ्या घरांचं धुणं, विसळलेलं सगळं पाणी त्याच्याच बुडाशी ओतायचे मी. चार दिवस तापाने पडले की हे लगेच पानं टाकून रुसून बसायचं."

घारोबाचा हात होता तिथेच थांबला. मग त्याने घाईघाईने एकेक जुना उन्हाळा उघडून बघितला आणि दारातूनच साहेबांना हाक मारली.

"दिसलं छप्पर?" साहेबांनी आल्या आल्या विचारलं.

"छप्पर नाही दिसत, साहेब. पण हे बघा. आजूबाजूची सगळी झाडं करपलीत आणि हे एकटं दर उन्हाळ्यात लाल. जवळ ना नाला, ना विहीर. कुणीतरी याला रोज पाणी घालत होतं."

"आपल्या खात्याने घातलं असेल."

"आपल्या खात्याने? झाडाला पाणी?"

साहेबांनाही हसू आवरलं नाही. पण ते सहजासहजी हार जाणारे नव्हते. "मुळं खोल गेली असतील त्याची. त्यावरून घर कसं सिद्ध होतं?"

"मावशी धुण्याचं पाणी रोज त्याच्याच बुडाशी ओतायच्या. मुळं खोल असती तर या उन्हाळ्यातही ते लालच राहिलं असतं." घारोबाने शेवटचं चित्र लावलं. वस्ती पाडून झाली होती, झाड तोडायचं बाकी होतं, तेव्हाचं. त्यात ते झाड इतर झाडांसारखंच मळकट झालं होतं, उलट त्यांच्याहून थोडं जास्तच. "यंदा मावशी तिथे नव्हत्या, साहेब."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. पुन्हा एकदा सगळे उन्हाळे बघितले. मग वाकून स्वतःच्या हाताने शेरा खोडला आणि बाजूला सही केली.

"मावशी, मिळाली हो खोली तुम्हाला," ते म्हणाले.

मावशींचं तिकडे लक्षच नव्हतं. रस्त्यासाठी झाड तोडलं, एवढंच आजवर त्यांच्या कानावर आलं होतं. त्या उठून पडद्याच्या अगदी जवळ गेल्या आणि त्या मळकट ठिपक्यावरून त्यांनी हलकेच बोट फिरवलं.

"म्हणजे मी गेल्यावर याला कुणी तांब्याभर पाणीसुद्धा घातलं नाही?"