एक बाजू जड

क्रँकशाफ्ट बॅलन्स करायच्या जुन्या मशिनवर दस्तगीर मिस्त्रीने आनंदाच्या हृदयाचं घरघरणारं चक्र, चिकटलेला थर खरवडून, चढवलं. ही हृदयं बनवणारी कंपनी बुडाल्यापासून कोल्हापुरात अशी कामं इंजिनवाल्यांकडेच यायची. आनंदा बाकावर पडून होता. त्याच्या उघड्या छातीला जोडलेल्या तात्पुरत्या पंपाची बॅटरी उतरत चालली होती.

"भाऊजी, जरा लवकर हात उचला की," आनंदाची बायको निर्मला दस्तगीरला म्हणाली.

चक्र फिरलं आणि मशिनचा काटा थरथरला. एक बाजू जड होती. तिथे ड्रिल मारून धातू कमी करायचा, एवढाच उपाय होता. पण आधीच्या दुरुस्त्यांनी चक्राचं पातं पत्र्यासारखं पातळ झालेलं. फुटलं असतं, तर दुसरं मिळणार नव्हतं.

पंप केकाटू लागला. दस्तगीरने ड्रिल टेकवलं, नीट दिसावं म्हणून दिवा जवळ ओढला आणि थबकला. पात्यावर कुंकू होतं. त्यानेच लावलेलं.

मशिनवर चढणाऱ्या प्रत्येक कामाला कुंकवाचं बोट, ही त्याच्या उस्तादांची रीत. मणभर शाफ्टला त्याने काय फरक पडणार? हे चक्र मात्र सुपारीएवढं होतं.

त्याने कुंकू पुसून चक्र पुन्हा फिरवलं. काटा शून्यावर थांबला.

चक्र बसवून दस्तगीरने छातीचं झाकण लावलं. निर्मलाने कान टेकला आणि किंचाळली, "भाऊजी, आवाज बंद झाला!"

"बंदच पाहिजे, वहिनी. ती घरघर दुखण्याची होती."

तिला पटेना. ती कान दाबून तशीच राहिली.

"अगं, डोकं उचल की," आनंदा पुटपुटला. "जड होतंय."