गुठळी

“एक गुठळी नाही, मारुतीभाऊ!” सुपरवायझर भांड्यात डोकावून खूश झाला. औषधाच्या गोळ्यांची भुकटी बांधायला आता मक्याच्या खळीऐवजी कृत्रिम डिंक आला होता. तो गार पाण्यातही विरघळायचा; एकटा माणूस पुरे. म्हणून हौसाबाईंना कालपासून कामावरून कमी केलं होतं.

खळ शिजवताना हौसाबाई स्टार्च ओतायच्या, मारुती ढवळायचा आणि गुठळी झाली की दोघांची जुंपायची.

“भसाभसा ओतता तुम्ही!”

“तुमचाच हात चालत नाही!”

संध्याकाळी घरी, आपल्या एकट्याच्या खोलीत मारुतीनं पिठलं टाकलं. एका हातानं बेसन सोडलं, दुसऱ्यानं ढवळलं. गुठळ्याच गुठळ्या झाल्या.

“भसाभसा ओतता तुम्ही!” तो मोठ्यानं म्हणाला आणि पळी हातात धरून उत्तराची वाट बघत राहिला.