ओटा आणि कोठी

फोल्डर रिकामं होतं. दत्तोपंतांनी चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. वर ‘शारदाच्या गोष्टी’ एवढं नाव शिल्लक, खाली ठणठणाट.

मागं शारदाबाई उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. बोलणार तरी कशा? दोन वर्षांपूर्वी घशाचं ऑपरेशन झालं, जीव वाचला, पण आवाज गेला तो गेलाच. ज्यांच्या एका हाकेनं ईट गावच्या शाळेचं अख्खं मैदान चिडीचूप व्हायचं, त्या बाईंना आता नवऱ्याला चहाला बोलवायचं तर टाळी वाजवावी लागायची.

उद्या त्याच शाळेत कार्यक्रम होता. हेडमास्तर शिवप्रसाद बाईंचाच विद्यार्थी. बाई पाहिजेतच म्हणून तो हटून बसला होता. शारदाबाईंनी मान हलवून साफ नकार दिला. आवाज नाही तर बाई कसली, असं त्यांच्या मनानं घेतलेलं. शेवटी दत्तोपंतांनीच तोडगा काढला. लॉकडाऊनमध्ये शाळा बंद होती तेव्हा शारदाबाईंनी मुलांसाठी याच कंप्युटरवर गोष्टी सांगून भरून ठेवल्या होत्या. त्यातली एक स्पीकरवर लावायची आणि बाईंनी मुलांसमोर नुसतं बसायचं. लई मिनतवाऱ्या केल्या तेव्हा कुठं बाई तयार झाल्या.

पण तो कंप्युटर! बटण दाबून दत्तोपंतांची अंघोळ, संध्या, पूजा उरकायची, तरी याचं गोल चक्कर आपलं फिरतंच. गोष्ट उघडायला जावं तर मेमरी कमी आहे अशी पाटी यायची आणि घोडं तिथंच पेंड खायचं. दत्तोपंत पडले कचेरीतून निवृत्त झालेले कारकून. जागा कमी पडली की जुनी दप्तरं बाहेर काढायची, एवढंच त्यांना ठाऊक. मग रोज देवापुढं दिवा लागला की ते कंप्युटरपुढं बसायचे, जड फायलींची यादी काढायचे आणि एकेक पुसत सुटायचे. यादीत नावाच्या जागी नुसते आकडे. कुठल्या फोल्डरमधल्या, ते बघायचं राहूनच गेलं. करायला गेले गणपती आणि झालं माकड.

शारदाबाईंचा आवाज दुसऱ्यांदा गेला होता, आणि या खेपेला नवऱ्याच्या हातानं.

त्यांनी दत्तोपंतांच्या खांद्यावर हलकेच थोपटलं. मग उद्यासाठी काढून ठेवलेली इरकल साडी उचलली आणि कपाटात परत ठेवली. दत्तोपंतांना ते बघवेना. त्यापेक्षा तिनं ताट आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

तेवढ्यात भाची आली. निवेदिता धाराशिवला कॉलेजात कंप्युटर शिकवते. मामा-मामींना उद्या ईटला न्यायचं म्हणून ती मुक्कामालाच आली होती. मामांनी फोनवर कंप्युटरचं रडगाणं गाऊन कान किटवले होते, म्हणून येताना मेमरीची एक पट्टीही घेऊन आली होती. मामांचा सारा पराक्रम ऐकून तिनं कपाळाला हात लावला.

"मामा, मेमरी म्हणजे कोठी नव्हे, ओटा. कोठीतलं धान्य ओतून दिलं म्हणून ओट्यावर पोळ्या लाटायला जागा होते का?"

तिनं पेटीचे स्क्रू काढले, आतली धूळ झटकली. ओटा मुळात वीतभर, आणि त्यावर न बोलावलेले प्रोग्राम सकाळपासून पसरून बसलेले. जुन्या पट्टीशेजारी तिनं नवी पट्टी दाबून बसवली, बटण दाबलं आणि त्या आगंतुकांना एकेक करून बाहेर काढलं. मग सगळं बंद करून पुन्हा चालू केलं. गॅसवरच्या चहाला उकळी फुटायच्या आत कंप्युटर तयार. एरवी दत्तोपंतांनी गल्लीभर पेढे वाटले असते. आज त्यांनी मान वर केली नाही. एवढा पळायला लागला, पण घेऊन पळणार काय?

"मामा, टोपली कधी रिकामी केली?" निवेदितानं विचारलं.

कसली टोपली ते त्यांना कळेना. मग तिनं समजावून सांगितलं. पुसलेलं सगळं आधी कचऱ्याच्या टोपलीत पडतं. टोपली रिकामी केली की मग ते कायमचं जातं. दत्तोपंत म्हणाले, ते होय, कायमचं टाकू का असं तो रोज विचारायचा खरा, पण आपण रोज नाहीच म्हणालो.

निवेदितानं टोपली उघडली. आकड्यांच्या ओळीच्या ओळी खाली उतरत गेल्या. शारदाबाईंनी खुर्चीची पाठ घट्ट धरली. सगळ्या गोष्टी होत्या. एकही कमी नव्हती. निवेदितानं त्या गोळा करून जागच्या जागी ठेवल्या, तेव्हा दत्तोपंतांचा जीव भांड्यात पडला.

"पण मामा, टोपली कशी काय ठेवलीत? जागा करायची म्हटलं की माणसं आधी तीच रिकामी करतात."

दत्तोपंतांचे कान लाल झाले. "दिवे लागले होते," ते पुटपुटले.

निवेदिताला काही उमगलं नाही. तिनं पहिली गोष्ट लावली. ती चटकन उघडली, आणि दोन वर्षं या घरात न ऐकलेला खणखणीत आवाज खोलीभर घुमला. मुलांनो, बसलात का सगळे, नागम्मा, तू पुढं ये, असं म्हणत त्यानं गोष्टीला सुरुवातही केली. शारदाबाईंच्या डोळ्यांना धार लागली होती आणि त्या हसत होत्या. हसत हसतच त्यांनी कपाट उघडलं आणि इरकल पुन्हा बाहेर काढली.

इतक्यात गोष्टीत कुठंतरी मागं झाडूची खसखस ऐकू आली. राजाराणी तिथंच थांबले आणि ईटच्या बाई कडाडल्या, "अहो, ठेवा तो झाडू! दिवे लागल्यावर केर बाहेर टाकायचा नाही, किती वेळा सांगायचं तुम्हाला?"