कोयत्याचं पाणी

“पिवळं झालं... जांभळं येऊ दे... हां, आता!”

लहानपणी वडिलांचं बोट धरून रोहिणी धारूरला कोयते घ्यायला आली, तेव्हा भट्टीच्या धुरातून हा आवाज आला होता. कुणाचा ते दिसलं नव्हतं. मग पाण्यात चर्र झालं होतं.

आज ती त्याच भट्टीपुढे उभी होती, ऊसतोडीचे कोयते बनवणाऱ्या परदेशी कंपनीची दुभाषी म्हणून. परदेशी कंपन्यांना देशाची दारं नुकती उघडली होती. कंपनी माजलगावला कारखाना घालणार होती.

“कावून येतेत इतक्या लांबून?” आश्रुबा लोहारानं विचारलं. “मजुरी स्वस्त म्हनून?”

“गिऱ्हाईक इथं आहे, मामा. तिकडून आणलेला कोयता जकातीनं महाग पडतो.”

सोबत आलेल्या कंपनीच्या साहेबांनी आश्रुबाच्या कोयत्याची धार अंगठ्यानं चाचपली. किती टिकतो, रोहिणीनं त्यांचा प्रश्न सांगितला.

“धा हंगाम. बापाचा कोयता लेक बी वापरतो.”

साहेब काहीतरी बोलले. रोहिणीनं आश्रुबावरची नजर काढून कोयत्याकडे वळवली. मग म्हणाली, “तुमचं काम आवडलं त्यांना. विचारतात, असं पाणी द्यायचं, तापलं पातं नेमक्या क्षणी बुडवायचं कसब कुणाकुणाला येतं?”

आश्रुबानं भात्याकडं पाहिलं. त्याची बायको छबुबाई निखारे सारखे करत होती.

“मला,” तो म्हणाला. “अन् लेकाला, अंगदला.”

“सायबाला म्हनावं, च्या निवला,” छबुबाई म्हणाली.

आठ दिवसांनी करार झाला. भट्टी, शिक्का आणि नाव कंपनीचं. आश्रुबानं आणि अंगदनं वीस वर्षं कोयता घडवायचा नाही. बापलेकांनी सह्या केल्या. साहेब गाडीकडे गेले. रोहिणीचा पाय निघेना.

“मामा, त्या दिवशी एक वाक्य मी गाळलं. नोकरीच्या भीतीनं. साहेब म्हणाले होते, हा कोयता बाजारात आहे तोवर आपला खपणार नाही. भट्टी विकत घ्या आणि विझवा. पिढ्यांची विद्या बुडवली मी.”

आश्रुबा शांतपणे पान चघळत राहिला. “टिकाऊ माल बघून सायबाचं तोंड आंबट झालं, तवाच वळखलं. ह्या पैशात अंगदला जीप घ्यायचीय. त्याला हितं गोडी न्हाई.”

“पण कोयता?”

भट्टीपासून सोडवलेल्या भात्याला दोर आवळत छबुबाई तिच्याकडं वळून बोलली, “बाई, रंग बघून ‘हां, आता!’ म्हननारी मी. ह्यांनी नुसतं बुडवायचं. उद्यापासून नांदूरघाटला भावाच्या भट्टीवर बसते. तुमच्या कागदावर माझा अंगठा कुटं हाय?”